बॉनेटखालची गरम हवा

१ लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. वजनात, १ किलो पेट्रोलला १४.७ किलो. म्हणूनच गाडीची ताकद वाढवू पाहणारी हौशी मंडळी आधी एअर फिल्टरला हात घालतात. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा, शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा, क्लिप आवळायची. तासाभराचं काम.

गडबड इथेच होते. डबा हवा घेतो ती पुढच्या जाळीजवळची, बाहेरची. उघडा फिल्टर ओढतो इंजिनाशेजारची तापलेली. ३० ऐवजी ६० अंशांची हवा आत गेली, तर तेवढ्याच जागेत ऑक्सिजन सुमारे ९ टक्के कमी! वरून घरघर वाढते, कारण डबा आवाजही दाबत असतो. त्या आवाजालाच पुष्कळजण ताकद समजतात.

मग हवा ओढणारी नळी खाली बंपरमागे नेली तर? हवा गार मिळते खरी. पण मुंबईच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावर तीच नळी पाणी ओढेल. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

रोजच्या गाडीला काही करायचंच असेल, तर मळलेला फिल्टर बदला आणि डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना, ते बघा.