गळा लाल, पण टिलवा कोणता?

एप्रिलअखेरीस उरणच्या पाणथळीत भरती चढू लागली की चिखलभर पांगलेले टिलवे बांधाकडे सरकतात. अंगाने चिमणीपेक्षाही लहान, पाय काळे, चोच काळी. सगळे बहुधा छोटे टिलवेच. पण एखाद्याचा गळा लाल दिसला की दुर्बिणीमागे कुजबुज सुरू होते: रेड-नेक्ड स्टिंट तर नव्हे?

हा पक्षी ईशान्य सायबेरियात पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात पार ऑस्ट्रेलियापर्यंत उतरतो. भारतात तो भेटतो मुख्यतः अंदमानात आणि पूर्व किनाऱ्यावर, कोकणात विरळाच. त्यात पंचाईत अशी की विणीचा पिसारा चढला की छोटा टिलवाही तोंडाने आणि छातीने तांबूस होतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर अख्खा थवाच लाल!

म्हणून मुरलेला निरीक्षक ऊन पाठीशी घेऊन उभा राहतो आणि नजर नुसत्या लालीवर ठेवत नाही. छोट्या टिलव्याची हनुवटी आणि गळा पांढरा राहतो. छातीच्या बाजूचे गडद ठिपके तांबूस रंगातच मिसळलेले असतात. रेड-नेक्डचा गळा विटकरी आणि कोरा. ठिपके लालीच्या खाली, पांढऱ्यावर.

खरा निकाल बहुतेकदा मिटलेल्या पंखावर लागतो. पाठीलगतची टर्शियल पिसे छोट्या टिलव्यात काळपट असतात आणि त्यांना ठळक तांबूस किनार असते. रेड-नेक्डमध्ये खांद्यावरची पिसे तांबडी, पण त्यांच्याखालचा पंख करडा, फिकट किनारीचा; जुन्याच कोटावर नवी शाल टाकावी तसा. हा विरोध स्कोपमधून दिसतो, पण पक्षी दोन क्षण थांबला तर. टिलवा थांबत नाही. तेव्हा फोटोंची रांगच लावावी लागते.

चकवा देणारा आणखी एक गडी आहे: सँडरलिंग. रंग बदलताना त्याचाही गळा लालसर होतो, आणि शेजारी दुसरा पक्षी नसेल तर आकाराचा अंदाज हमखास चुकतो. अशा वेळी पायाकडे बघावे. सँडरलिंगला मागचे बोट नसते, टिलव्याला असते.

डिसेंबरात मात्र दोन्ही टिलवे राखाडी होतात. छोट्याच्या पाठीवरच्या पिसांचे मध्यभाग जरा जास्त गडद, एवढाच काय तो फरक. तेवढ्यावर दुर्मीळ पक्ष्याची नोंद ठोकण्यापेक्षा वहीत नुसते ‘टिलवा’ लिहिलेले बरे.