शिंपल्यांची नावे आणि कंसातला लिनिअस

महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यात, गाळात अर्धवट रुतून राहणारा काळपट शिंपला आणि खाऱ्या पाण्यातली तिसरी नावाची शिंपली एकाच वर्गातले: शिंपाधारी मृदुकाय. या वर्गाच्या सुमारे नऊ हजार हयात जाती ज्ञात आहेत, बहुतेक समुद्रातल्या.

गोड्या पाण्यातल्या त्या शिंपल्याचे पूर्ण शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस (लामार्क, १८१९). पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, पुढे नाव देणारा आणि साल. मात्र लामार्कने त्याला युनिओ मार्जिनॅलिस म्हटले होते. पुढे १९०० साली सिम्पसन या अभ्यासकाने लॅमेलिडेन्स ही प्रजाती स्थापली आणि हा शिंपला तिच्यात गेला. जातीचे नाव टिकले, प्रजाती बदलली, म्हणून लामार्क कंसात गेला. प्राण्यांच्या नामकरणाचा हा जागतिक नियम आहे.

समुद्री शिंपल्यांत असे कंस जागोजागी दिसतात. या नामकरणाचा आरंभ मानला जातो तो स्वीडनच्या कार्ल लिनिअसच्या ‘सिस्टेमा नातुरे’ ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून. लिनिअसने भारत कधी पाहिला नाही. तरी आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक शिंपल्यांची नावे त्याचीच. हिरव्या शिणाण्याला त्याने मायटिलस विरिडिस म्हटले. आज ते पेर्ना विरिडिस (लिनिअस, १७५८). गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेला पातळ शिंपला त्याच्या लेखी अनोमिया होता. आता तो प्लाकुना प्लासेंटा.

ही अदलाबदल लहरीने होत नाही. लिनिअसचा भर कवचावर होता. पुढच्या अभ्यासकांनी शिंपांच्या आतल्या बाजूला उमटलेले स्नायूंचे ठसे, कल्ल्यांची रचना आणि अलीकडे डीएनएही तपासला. तेव्हा दिसायला सारखे शिंपले वेगळ्या कुळांतले निघाले.

दुसरा नियम अग्रहक्काचा: एकाच जातीला दोन नावे पडली, तर साधारणपणे आधीचे ग्राह्य. कोकण ते केरळ किनाऱ्यावरची एक तिसरी दीर्घकाळ पाफिया मलबारिका म्हणून ओळखली गेली. ते नाव १८१७ चे. त्याच जातीला ग्मेलिन या अभ्यासकाने १७९१ मध्येच नाव दिले होते. म्हणून आज ती प्रोटापेस गॅलस (ग्मेलिन, १७९१). मागे पडलेले नाव मात्र पुसले जात नाही. समानार्थी नावांच्या यादीत त्याची नोंद राहते. या तिसरीवरचे जुने संशोधन शोधणाऱ्याला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात.