कोमोडो ड्रॅगनच्या लाळेवर फोडलेलं खापर

कोमोडो ड्रॅगन चावतो, त्याच्या घाणेरड्या लाळेतले जंतू भक्ष्याच्या रक्तात भिनतात आणि ते सडून मरेपर्यंत तो मागावर राहतो, ही गोष्ट ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाच्या सदरांत अजूनही सांगितली जाते. इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर राहून अभ्यास केलेल्या वॉल्टर ऑफेनबर्ग यांच्या 1981च्या पुस्तकामुळे हा अंदाज रुजला. पण अंदाज तपासायचा असतो, पाठ करायचा नसतो. 2013 साली अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या 16 ड्रॅगनांच्या तोंडातले नमुने तपासले, तेव्हा इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात तसलेच जिवाणू सापडले. पिंजऱ्यातला प्राणी स्वच्छच असणार, जंगलातल्यांच्या लाळेत पन्नासहून जास्त जाती मिळाल्या होत्या, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण माणसाच्या तोंडातही जिवाणूंच्या शेकडो जाती नांदतात. नुसत्या संख्येनं लाळ जीवघेणी ठरत नाही.

मग चावल्यावर पळून गेलेली म्हैस काही दिवसांनी मरते, ती कशानं? म्हशी या बेटांवर माणसानं आणल्या. ड्रॅगन त्यांच्या शिकारीसाठी घडलेलाच नाही. मांडी फाटलेली म्हैस सवयीनं शेणामुतानं गढूळ झालेल्या डबक्यात जाऊन बसते आणि उघडी जखम तिथे चिघळते. हरणं, डुकरं मात्र करवती दातांनी पडलेल्या खोल जखमांमधून रक्त वाहून लवकर मरतात. शिवाय 2009 साली ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी ड्रॅगनच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखवून दिल्या. ते विष रक्त गोठू देत नाही, रक्तदाब उतरवतं. शिकारीत विषाचा वाटा किती आणि दातांचा किती, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, पण जंतूंना त्या वादात आता फारशी जागा उरलेली नाही.

हा प्राणी फक्त कोमोडोवर राहतो हेही खरं नाही; रिंचा आणि फ्लोरेसवरही तो आहे. तो डायनोसॉरचा वंशज नाही, आपल्या घोरपडीच्याच कुळातला सरडा आहे. आणि घोरपडीबद्दलचे गैरसमज तर तिच्या जिवावर उठतात. तिच्या तेलानं सांधेदुखी जाते याला वैद्यकीय पुरावा नाही. धनलाभासाठी ‘हत्थाजोडी’ नावाची जी मुळी विकतात, ती मुळी नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. ही ‘मुळी’ विकणं आणि घरात बाळगणं, दोन्ही गुन्हा आहे.