शरीराधारित आघातोपचार

शरीराधारित आघातोपचार हा मानसिक आघातातून सावरण्यासाठी शारीरिक संवेदना, श्वास, शरीराची ठेवण आणि हालचाल यांचा आधार घेणाऱ्या उपचारपद्धतींचा समूह आहे. संवादप्रधान समुपदेशनात घटनेची आठवण व तिचा अर्थ यांना प्राधान्य असते. या पद्धतींत घटनेनंतर शरीरात टिकून राहिलेल्या प्रतिक्रियांकडे प्रथम लक्ष दिले जाते.

तत्त्व

धोका जाणवताच स्वायत्त चेतासंस्था शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. दोन्ही मार्ग बंद असल्यास शरीर थिजते. धोका टळल्यावर ही अवस्था सहसा ओसरते. काही व्यक्तींमध्ये मात्र एखादा आवाज, वास किंवा जागा यांमुळे ती पुन्हा पुन्हा उद्भवते. पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, छातीत धस्स होणे हे मराठी वाक्प्रचार भीती व दुःखाचा हाच शारीरिक अनुभव व्यक्त करतात.

इतिहास

पीटर लेव्हिन यांनी 'सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग' ही पद्धत विकसित केली आणि १९९७ साली 'वेकिंग द टायगर' या पुस्तकातून ती सर्वसामान्य वाचकांपुढे मांडली. पॅट ऑग्डेन यांनी 'सेन्सरिमोटर सायकोथेरपी' विकसित केली. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या 'द बॉडी कीप्स द स्कोअर' (२०१४) या पुस्तकामुळे या विचाराला व्यापक प्रसिद्धी मिळाली. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांच्या शरीरावरील परिणामांचा प्रायोगिक अभ्यास सुरू केला होता. तो आघातोपचारासाठी नव्हता.

प्रक्रिया

उपचारक रुग्णाला पायांचा जमिनीला होणारा स्पर्श, श्वासाची गती किंवा खांद्यांतील ताण यांकडे लक्ष देण्यास सांगतो. आघाताची आठवण एकदम न उकलता थोडी थोडी हाताळली जाते आणि दर वेळी लक्ष सुरक्षित वाटणाऱ्या संवेदनेकडे परत आणले जाते. स्पर्शाचा वापर रुग्णाच्या स्पष्ट संमतीनेच केला जातो. डोळे मिटणे किंवा श्वासावर लक्ष एकवटणे यामुळे काही रुग्णांची भीती वाढते. त्यांना डोळे उघडे ठेवण्याची व थांबण्याची मुभा असते.

पुरावे आणि मर्यादा

२०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६४ स्त्रियांच्या चाचणीत, दहा आठवड्यांनंतर योगगटातील ५२ टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर ताण विकाराचे निकष उरले नाहीत. तुलनागटात हे प्रमाण २१ टक्के होते. २०१७ साली इस्रायलमध्ये ६३ व्यक्तींवर झालेल्या चाचणीतही सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचा लाभ दिसला. तथापि अशा चाचण्या लहान आहेत. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचार व ईएमडीआर यांच्या बाजूचे पुरावे अधिक भक्कम असल्याने, शरीराधारित पद्धती सहसा पूरक मानल्या जातात. छातीत दुखणे, धाप लागणे यांसारख्या तक्रारींची वैद्यकीय तपासणी आधी होणे आवश्यक असते.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत नापिकी, कर्जबाजारीपणा आणि शेतकरी आत्महत्या यांची झळ मागे राहिलेल्या कुटुंबांनाही बसते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी टप्प्याटप्प्याची सेवा देण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशा कार्यकर्तींमार्फत तणावग्रस्त शेतकऱ्यांचा शोध घेण्याची योजना आहे. हे उपक्रम समुपदेशनावर आधारलेले असून त्यांना शरीराधारित उपचार म्हणता येत नाही.

अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागाला व्यायाम व योगशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. मात्र व्यायाम आणि आघातोपचार यांत भेद आहे. व्यायामात शिस्त व क्षमतावाढ अपेक्षित असते. आघातोपचारात गती रुग्ण ठरवतो आणि प्रशिक्षित उपचारकाची उपस्थिती आवश्यक असते. मानसिक आरोग्यविषयक तातडीच्या मदतीसाठी १४४१६ ही 'टेलि-मानस' दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.