समुद्र ज्वालामुखी विझवत नाही

समुद्राखालच्या ज्वालामुखीचा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, एवढं पाणी डोक्यावर असताना तो पेटणार कसा? तापलेल्या तेलात ओल्या हातावरचं पाणी पडल्यावर कढई कशी तडतडते, ते आठवून पाहा. बाहेर येणाऱ्या शिलारसाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उथळ समुद्रात त्याची पाण्याशी गाठ पडली की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या शेकडो पट जागा लागते. स्फोट होतो तो त्यामुळे.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा देशातल्या हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या विवराचा तळ पाण्याखाली जेमतेम दीडशे मीटरवर होता. राखेचा लोट ५७ किलोमीटर वर गेला. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. नंतर तळ मोजला, तर विवर साडेआठशे मीटर खोल झालेलं.

खोल समुद्रात मात्र पाण्याचा दाब वाफेला फुलू देत नाही. पण शांत उद्रेक म्हणजे लहान उद्रेक, असं समजू नये. याच बेटमालिकेच्या दक्षिणेकडे, कर्माडेक भागात, जुलै २०१२ मध्ये हॅव्हर ज्वालामुखी नऊशे मीटरहून खोल पाण्यात जागा झाला. टाचा घासायला वापरतात तसल्या सच्छिद्र, हलक्या प्यूमिस दगडांचा तरंगता थर सुमारे ४०० चौरस किलोमीटरवर पसरला, आणि तो विमानातल्या एका प्रवाशाच्या नजरेस पडला.

दुसरा गैरसमज शिलारसाच्या जन्माबद्दलचा आहे. दोन भूपट्ट एकमेकांवर घासतात आणि त्या उष्णतेने खडक वितळतो, असं पुष्कळांच्या मनात असतं. खरं कारण इथेही पाणीच. टोंगाजवळ पॅसिफिक भूपट्ट खाली सरकतो, तेव्हा आपल्या खनिजांत मुरलेलं पाणी सोबत नेतो. खोलवर ते पाणी सुटून वरच्या तप्त खडकात शिरतं आणि खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. म्हणून असे ज्वालामुखी, भूपट्ट जिथे खाली सरकतो तिथल्या सागरी खंदकाला समांतर, कमानीसारखे ओळीने उभे राहतात.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे, त्सुनामी भूकंपानेच येते. इंडोनेशियात २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली. आधी मोठा भूकंप नव्हताच. भूकंपावर डोळे लावून बसलेल्या यंत्रणेकडून वेळेवर इशारा मिळाला नाही, आणि चारशेहून अधिक माणसं गेली. हुंगाच्या वेळी तर हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला फेऱ्या घालत गेली आणि तिनेही समुद्र हलवला. दहा हजार किलोमीटरवरच्या पेरूच्या किनाऱ्यावर दोघी बुडाल्या. शिवाय राख-दगडांचे लोंढे सागरतळावरून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरातल्या वेगाने धावले. त्यांनी समुद्राखालची दूरसंचार केबल तोडली आणि टोंगाचा जगाशी मुख्य संपर्क पाच आठवडे खंडित राहिला. माझ्या मते, नुसत्या भूकंपमापकांवर विसंबून बेटवासीयांना निर्धास्त राहायला सांगणं योग्य नाही. सागरतळाचं वारंवार मोजमाप आणि जवळ बसवलेली लाटमापकं यांवर खर्च व्हायलाच हवा.

हे मोजमाप जिवावरचं काम आहे. जपानच्या दक्षिणेला म्योजिनशो या समुद्राखालच्या ज्वालामुखीची पाहणी करायला गेलेलं ‘कायो मारू क्रमांक ५’ हे जहाज २४ सप्टेंबर १९५२ रोजी उद्रेकात सापडलं. नऊ शास्त्रज्ञांसह ३१ जण त्यावर होते. एकही परतला नाही. उठणाऱ्या बुडबुड्यांनी पाण्याची घनता घटते, तेव्हा वर काही दिसत नसतानाही बोट बुडू शकते. म्हणून ग्रेनाडाजवळच्या किक-एम-जेनी या समुद्राखालच्या ज्वालामुखीभोवती दीड किलोमीटरच्या आत बोटींना एरवीही मनाई असते.

आपल्याकडचा बॅरन बेटाचा डोंगरही असाच फसवतो. पाण्यावर दिसतो तो साडेतीनशे मीटरच्या आसपासचा शेंडा. बाकीचा ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात दोनेक किलोमीटर खोल उतरतो. २००४ ची त्सुनामी त्याने आणली नाही, ती सुमात्राजवळच्या भूकंपाची होती. २३ जानेवारी २०१७ च्या दुपारी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून तिथे तळाचे नमुने काढत होते. अचानक डोंगर राख फेकू लागला. त्यांनी जहाज मैलभर मागे घेतलं आणि तिथून पाच-पाच, दहा-दहा मिनिटांचे ते झोत टिपत राहिले.