चौघांत एक फोन

बंगळुरूच्या यशवंतपूरहून लातूरला थेट गाडी जाते, त्यामुळे इथल्या फलाटावर मराठी सहज कानावर पडते. गाडीला वेळ असला की बाकावर चौघांच्या मध्ये एक फोन आडवा ठेवला जातो आणि लुडो किंग सुरू होतो. ज्याची पाळी, तो फाशावर बोट टेकवतो. सोंगटी मारली गेली की तिघे ओरडतात आणि चौथा फोनकडे संशयाने बघतो.

हा गेम नवी मुंबईचा. मूळचे पाटण्याचे विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीने तो २०१६ मध्ये आणला, आणि पुढे त्याचे डाउनलोड दहा कोटींच्या पलीकडे गेले. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तो इंटरनेटशिवाय आणि एकाच फोनवर चौघांना खेळता येतो. शहर मागे पडल्यावर रेंज गेली तरी डाव मोडत नाही. ज्याच्याकडे फोन नाही, तोही डावात असतो.

टाइमपास म्हणून अशा गेमांना हिणवतात, ते मला पटत नाही. समोरचा माणूस पाच मिनिटांपुरता आलाय, नियम वाचणार नाही, मधेच उठून जाईल, हे धरून गेम रचणे फार अवघड. १९७२ चा पाँग, मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये केलेला टेट्रिस, १९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर आलेला साप, हे सगळे बघता क्षणीच कळतात. १९९० मध्ये विंडोजबरोबर आलेल्या सॉलिटेअरने तर पत्ते ओढता ओढता कितीतरी कारकुनांचा हात माउसवर बसवला.

लुडोचे मूळ आपल्याच पचीसीत. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवड्यांच्या जागी फासा आणला, नियम सोपे केले आणि १८९६ मध्ये पेटंटही घेतले. डावपेच कमी झाले, नशीब वाढले.

आता तो संशय. ‘फासा मुद्दाम सहा देत नाही,’ ही तक्रार प्रत्येक बाकावर ऐकू येते. पण फासा अगदी प्रामाणिक धरला, तरी ओळीने दहा पाळ्या सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघे खेळत असतील तर निम्म्याहून किंचित जास्त डावांत कोणीतरी एक जण पहिल्या दहा पाळ्या घरातच अडकून बसणार. त्याला अन्याय वाटतो, पण याच नशिबामुळे आजी नातवाला हरवते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वेगवेगळ्या गावांत अडकलेली घरे रूमचा कोड पाठवून एका पटावर आली, तेव्हा सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारा यांना जवळपास सारखीच संधी देणारा हा गेम हाताशी होता.

बंगळुरूचा गेमांच्या धंद्याशी संबंध जुना आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह काढली. परदेशी गेमांचे चित्रकाम करत ती मोठी झाली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली. इथल्याच मूनफ्रॉगने ‘लुडो क्लब’ काढून नवी मुंबईला टक्कर दिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. देखणा गेम आहे, अभिमान वाटावा असा. पण तो एकट्याने खेळायचा. फलाटावरच्या चौघांसाठी आपल्याकडे अजून लुडोच आहे, आणि पचीसीचे ते जुने, डावपेचांचे नियम इतक्याच सोपेपणाने फोनवर आणणारा कोणी नवी मुंबईत किंवा बंगळुरूत निघावा, ही माझी मनापासून इच्छा आहे.