न जाणवणारें पाणी

विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या कमरेस वाळलेला भोपळा बांधण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. भोपळा हलका, तो पाण्याबाहेर येऊं पाहतो आणि आपल्याबरोबर मुलासहि वर धरतो. परंतु भोपळा न बांधतां व हातपाय न हालवितां माणसानें तासभर पाण्यावर स्वस्थ पडून राहावें, अशीहि एक युक्ति आहे. तींत शरीराला हलक्या वस्तूची जोड द्यावयाची नसते. पाण्याचेंच वजन वाढवावयाचें असतें. अशा पाण्याचे बंदिस्त, काळोखे व नीरव हौद आज अनेक देशांत आहेत. त्यांस ‘फ्लोट टँक’ म्हणतात. डोळे, कान व त्वचा या तिन्ही इंद्रियांस एकाच वेळीं विसांवा मिळावा, हा त्यांचा हेतु. काळोख आणि शांतता कोणत्याहि बंद खोलींत मिळेल. मग पाणी कशाला, हा प्रश्न साहजिक आहे.

त्याचें उत्तर या हौदाच्या जन्मकथेंत सांपडतें. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत मेंदूसंबंधीं एक वाद रंगला होता. बाहेरून प्रकाश, ध्वनि आणि स्पर्श यांचा ओघ सारखा येत असतो म्हणूनच मेंदू जागा राहतो. तो ओघ थांबला कीं मेंदू झोंपीं जाईल, असें एक मत होतें. जागृति ही मेंदूची स्वतःचीच शक्ति आहे, असें दुसरें मत होतें. कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठांत डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखालीं कांहीं विद्यार्थ्यांना डोळ्यांवर धूसर चष्मे व हातांवर पुठ्ठ्याचीं वेष्टनें घालून एका लहान खोलींत निजवून ठेवण्यांत आलें. एका दिवसास वीस डॉलर मिळत असतांहि बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे तेथें राहवलें नाहीं. पुष्कळांना नसलेलीं दृश्यें दिसूं लागलीं. तरी त्या प्रयोगांत एक उणीव होती. डोळे झांकतां येतात, कान बंद करतां येतात; पण पाठीखालची गादी पाठीस लागतच राहते. स्पर्श बंद करावयाचा तर अंथरूणच काढून टाकावें लागतें, आणि अंथरूणावांचून निजणें पाण्यावरच शक्य आहे.

हा मार्ग डॉ. जॉन लिली यांनीं धरला. अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत १९५४ सालीं त्यांनीं पहिला हौद सिद्ध केला. त्यांत साधें गोडें पाणी होतें. डोक्यावर श्वासनळ्या लावलेला अपारदर्शक मुखवटा चढवून माणूस त्या पाण्यांत राही. मेंदू झोंपीं गेला नाहीं. बाहेरचें कांहीं उरलें नाहीं तेव्हां तो आंतल्या आठवणी, विचार आणि कल्पनाचित्रें यांतच रमला. वादाचा निकाल दुसऱ्या पक्षाकडे झुकला.

या पाण्याचा पहिला गुण म्हणजे त्याची ऊब. लिली यांनीं ती ३४·५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारें ९४ अंश फॅरेनहाइट ठेविली होती. आजहि ती जवळजवळ तेवढीच ठेवतात. शरीराच्या आंतील उष्णता ३७ अंश असते, मग पाणी ३७ अंश कां नको? कारण स्वस्थ पडलेलें शरीरहि ऐंशी ते शंभर वॉट इतकी उष्णता सतत निर्माण करीत असतें, आणि ती बाहेर जावयास वाट हवी. पाणी ३७ अंश असेल तर ती वाट बंद होऊन माणूस तापेल. तें तीस अंशांवर ठेवलें तर शरीर गारठेल, कारण पाणी हवेपेक्षां वीसपटींहून अधिक वेगानें उष्णता ओढून घेतें. त्वचेची उष्णता ३४-३५ अंशांच्या आसपास असते. पाणीहि तितकेंच उबदार असलें म्हणजे तें त्वचेस ना थंड लागतें ना गरम. हालचाल थांबली कीं शरीर कोठें संपलें आणि पाणी कोठें सुरू झालें, हें थोड्या वेळानें कळेनासें होतें.

दुसरा गुण म्हणजे वजन. गोड्या पाण्यांत उताणें पडणाऱ्याचे पाय हळूहळू खालीं जातात. छातींत हवा असते, पायांत नसते; म्हणून छाती तरंगते व पाय बुडतात. तोल सांवरण्यासाठीं मान, पाठ व पोटऱ्या यांचे स्नायू राबत राहतात, आणि राबणारा स्नायू मेंदूस स्वस्थ बसूं देत नाहीं. यावर उपाय मिठाचा. आतां अशा हौदांत साधारण पांच-सहाशें लिटर पाण्यांत सुमारें पांचशें किलो मीठ विरघळवितात. साध्या पाण्याचा लिटर एक किलो भरतो, तर या पाण्याचा सव्वा किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकेंच पाणी बाजूस सारते. माणसाचें शरीर घनतेनें गोड्या पाण्याच्या जवळपास असतें. म्हणून या पाण्यांत त्याचे चार भाग खालीं व पांचवा भाग वर राहतो. चेहरा, छाती, गुडघे व पायांचीं बोटें आपोआप वर येतात. माणूस इतका वर तरंगतो, म्हणूनच वीतभराहून थोडी अधिक खोली पुरते.

हें मीठ स्वयंपाकाचें नव्हे. साध्या मिठाच्या दाट पाण्यावरहि माणूस तरंगेल, पण तें त्वचेस कोरडें करतें, झोंबतें व लोखंड लवकर गंजवितें. हौदांत मॅग्नेशियम सल्फेट घालतात. इंग्लंडांतील एप्सम गांवच्या कडू पाण्यामुळें सतराव्या शतकांत तें प्रसिद्धीस आलें. दवाखान्यांत जुलाबाचें औषध म्हणून व शेतांत खत म्हणून तें महाराष्ट्रांतहि परिचित आहे. तें पाण्यांत विपुल विरघळतें आणि त्वचेस सौम्य वाटतें. मात्र डोळ्यांत किंवा ओरखड्यावर गेल्यास तेंहि चांगलेंच झोंबतें.

लिली यांच्या सहवासांतून स्फूर्ति घेऊन ग्लेन पेरी या अमेरिकन गृहस्थांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं असे हौद बांधून विकण्यास प्रारंभ केला व त्यांस संस्कृतांतील ‘समाधि’ हें नांव दिलें. मराठींत जलसमाधीचा अर्थ अगदींच निराळा आहे, याची त्यांस कल्पना नसावी!

हें पाणी एकामागून एक अनेकांच्या उपयोगास येतें, म्हणून त्याची शुद्धि महत्त्वाची. दाट मिठांत बरेच जंतु वाढत नाहींत. पण मीठ म्हणजे निर्जंतुकता नव्हे. प्रत्येक वेळेनंतर पाणी गाळून घ्यावें लागतें व अतिनील किरण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारख्या उपायांनीं शुद्ध करावें लागतें. उतरण्यापूर्वीं व नंतर स्नान आवश्यक असतें. उघडी जखम, अपस्मार किंवा नशा असलेल्यानें त्यांत उतरूं नये.

आतां फलाविषयीं. अमेरिकेंतील टल्सा येथील मेंदूसंशोधन संस्थेंतून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत चिंता व तणाव यांनीं ग्रस्त अशीं पन्नास माणसें एकेक तास तरंगलीं, आणि बाहेर येतांना त्यांची चिंता बरीच उतरली होती. परंतु तो उतार तेवढ्या वेळापुरता मोजलेला होता, आणि तशाच पीडितांचा न तरंगणारा दुसरा गट तुलनेस नव्हता. तेव्हां त्याला आशेचें चिन्ह म्हणावें, रोगमुक्ति म्हणूं नये. आणखी एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मॅक्‌गिलच्या खोलींतला एकांत दिवसांमागून दिवस चालणारा होता. हौदांतला एकांत तासाभराचा असतो, दार आंतून उघडतें आणि दिवा हाताशीं असतो. स्वेच्छेनें घेतलेला थोडा एकांत विसांवा देतो. लांबलेला किंवा लादलेला एकांत माणसास पिडतो.

मिठांतील मॅग्नेशियम त्वचेवाटे शरीरांत मुरून गुण देतें, असा समज आज फार पसरला आहे व त्यावर या मिठाचीं पुडकीं खपतात. त्याला भक्कम पुरावा नाहीं. हौदांतील मिठाचें काम वजन वाढविण्याचें आहे, आणि त्याला पांचशें किलो लागतात. न्हाणीघरांतल्या पंधरा लिटरांच्या बादलींत मूठभर मीठ टाकल्यानें पाण्याचें वजन शेंकडा एकानेंहि वाढत नाहीं. ऊन पाण्याचें सुख ज्याला हवें त्यानें तें खुशाल घ्यावें. तें ऊन पाण्याचेंच असतें. हौदांतल्या पाण्याचा गुण याहून वेगळा. तें शरीरास नवें कांहीं देत नाहीं. भार, थंडी, ऊब आणि स्पर्श यांची जाणीव तेवढी तासभर काढून घेतें.